दुष्काळ, जनावरे आणि घर : तळोदा परिसरातील पशुपालक कुटुंबांचे श्रम (१८९९ ते १९७३)

प्रस्तावना

मल्हारराव होळकरांच्या चरित्रात तळोद्याचा उल्लेख आवर्जून येतो. १६९३ मध्ये जेजुरीजवळील होळ या गावी जन्मलेल्या मल्हाररावांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. आईने त्यांना घेऊन खानदेशात तळोदे येथे आपले बंधू भोजराज बारगळ यांच्याकडे आश्रय घेतला. मामाची मेंढरे राखत असताना झोपी गेलेल्या या मुलावर नागाने फणा धरल्याची आख्यायिका सर्वपरिचित आहे. पुढे मराठी राज्याचा मातब्बर सरदार झालेल्या पुरुषाच्या बाबतीत चरित्रकारांना फण्याचे महत्त्व वाटणे स्वाभाविक आहे. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या कथेतील मेंढरे अधिक महत्त्वाची ठरतात. आश्रयास आलेल्या भाच्याने मामाच्या घरी खाल्लेल्या भाकरीची परतफेड जनावरे राखून करावी, यात त्या काळी कोणालाही काही विशेष वाटले नाही. घरातील मुलांचे, स्त्रियांचे आणि वृद्धांचे हे काम इतके गृहीत धरले गेले की, पुढील अडीचशे वर्षांच्या कागदपत्रांतही त्याची स्वतंत्र नोंद क्वचितच आढळते.

प्रस्तुत लेखात तळोदा परिसरातील या घरगुती पशुपालनाचा विचार दोन मोठ्या दुष्काळांच्या संदर्भात केला आहे. पहिला १८९९-१९०० चा, लोकस्मृतीत विक्रम संवत १९५६ वरून 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणून राहिलेला. आणि दुसरा १९७२-७३ चा. दोन्ही प्रसंगी शासनाने माणसाला जगविण्यासाठी कामे काढली. जनावर जगविण्याचे काम प्रामुख्याने घराकडेच राहिले. मात्र ज्या साधनांवर घर हे काम करीत असे, ती साधने या दोन दुष्काळांच्या दरम्यान हळूहळू घराच्या हातून गेली.

भूप्रदेश आणि वैरणीचा हिशेब

तळोदा तालुका आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वीचा पश्चिम खानदेश जिल्हा १९०६ मध्ये खानदेशच्या विभाजनातून निर्माण झाला होता. तालुक्याच्या दक्षिणेस तापी, उत्तरेस सातपुडा, आणि मधल्या पट्ट्यात डोंगरातून उतरून तापीला मिळणारे नदीनाले अशी ही रचना आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ज्वारी व कापूस पिकविणारे गुजर, पाटील व इतर शेतकरी. पायथ्याशी आणि डोंगरात भिल्ल व पावरा वस्त्या. आणि ऋतूनुसार फिरणारे ठेलारी धनगर व काठेवाडकडून येणारे रबारी, असे पशुपालनाचे तीन वेगवेगळे व्यवहार येथे शेजारी शेजारी नांदत आले. खिलार जातीच्या बैलांचा तापी खोऱ्यातील एक प्रकार 'थिल्लारी' या नावाने ओळखला जातो, आणि त्याच्या पैदाशीचा संबंध याच डोंगरपट्ट्यातील चराईशी आहे.

येथील पशुपालन म्हणजे शेकडो जनावरांचे कुरण नव्हे. बैलजोडी, एखाददुसरी गाय, कालवड किंवा गोऱ्हा, आणि गरीब घरी चारदोन शेळ्या, एवढेच बहुतेकांचे पशुधन असे. तरीही त्याला लागणारे श्रम थोडे नसत. मध्यम बांध्याच्या एका बैलास दिवसाला सुमारे सहा किलो कोरडी वैरण लागते असे धरले, तर कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतच्या साधारण सव्वादोनशे दिवसांत एका जोडीला सत्तावीस क्विंटल वैरण लागते. चांगल्या वर्षी ज्वारीचा कडबा यातील मोठा भाग भागवीत असे. ज्वारी बुडाली की हे सारे गवत डोंगरातून आणावे लागे. एका बाईच्या डोक्यावरचा भारा वीस-पंचवीस किलोंचा धरला, तर केवळ एका जोडीसाठी शंभराहून अधिक भारे होतात. त्यात गायीचा आणि वासराचा वाटा धरलेला नाही.

पाण्याचा हिशेब याहून कठीण आहे. उन्हाळ्यात मोठ्या जनावरास दिवसाला चाळीस लिटरच्या आसपास पाणी लागते. नेहमीच्या वर्षी गुराखी कळप नदीवर नेतो आणि प्रश्न मिटतो. दुष्काळात नदी आटते, वाळूत झिरे खणावे लागतात, आणि त्याच वेळी जनावराच्या अंगी झिऱ्यापर्यंत चालण्याचे त्राण उरत नाही. मग पाणी जनावराकडे न्यावे लागते. चार जनावरांसाठी दहा-अकरा घागरींच्या खेपा होतात, आणि झिरा भरण्याची वाट पाहण्यात जाणारा वेळ वेगळाच. दुष्काळाच्या सरकारी अहवालांत 'पाण्याची टंचाई' या शब्दांमागे असलेले प्रत्यक्ष काम हे होते, आणि ते मुख्यतः मुली व स्त्रिया करीत.

गवताची निवड हेही एक ज्ञान होते. सातपुड्याच्या उतारावर गवत दिसते म्हणून ते सारे चारा नसते. रोशा गवतापासून सुगंधी तेल निघते आणि खानदेशात त्याच्या भट्ट्या प्रसिद्ध होत्या. मात्र वासामुळे जनावरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. कुसळी कोवळी असताना चालते, पिकल्यावर तिचे कुसळ जनावराच्या तोंडात रुतते. पवन्या व मारवेल उत्तम, पण ती आधी संपतात. गवत संपल्यावर झाडपाल्याची पाळी येते. खानदेशात अंजनाचा पाला हा दुष्काळातील जनावरांचा मोठा आधार होता. उंबर, आपटा, बोर, बाभळीच्या शेंगा यांचाही उपयोग होई. अंजनाच्या फांद्या छाटण्यासाठी झाडावर चढणारा बहुधा घरातील पोरसवदा मुलगाच असे, कारण वजनाने तो हलका.

वन, कोंडवाडा आणि नाकेदार

छप्पन्नच्या दुष्काळाचे खरे स्वरूप समजण्यासाठी त्याआधीच्या पंचवीस वर्षांकडे पाहावे लागते. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणासंबंधीच्या कायद्याने कोंडवाड्याची व्यवस्था पक्की झाली. दुसऱ्याच्या पिकात अथवा प्रतिबंधित जागेत शिरलेले जनावर कोंडून मालकाकडून दंड व खाण्याचा खर्च वसूल करता येऊ लागला. १८७८ च्या वनकायद्याने जंगलाचे राखीव व संरक्षित असे वर्गीकरण केले. सातपुड्यातील जंगल सागाच्या दृष्टीने मोलाचे होते, आणि नव्याने फुटणाऱ्या सागाच्या रोपांना जनावरांपासून जपण्यासाठी काही भाग चराईला बंद ठेवणे वनखात्याच्या शास्त्रात बसत होते. त्या शास्त्रात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या गावाची गुरे पिढ्यान्‌पिढ्या एका विशिष्ट नाल्याने डोंगरात जात होती, त्या गावाला तो नाला अचानक बंद झाला, आणि चराईची फी, पास व नाकेदाराची मर्जी या तीन नव्या गोष्टी गुराख्याच्या आयुष्यात आल्या.

तळोद्याच्या डोंगरी भागातील मेवासी संस्थानांमुळे येथील स्थिती काहीशी वेगळी होती. काठी, चिखली, गंगठा आदी मेवासी प्रमुखांच्या मुलुखात कायद्याचा अंमल सपाटीइतका थेट नव्हता. १८२५ मध्ये भिल्ल पलटणीची उभारणी झाल्यापासून इंग्रजांनी या भागात बळ आणि सवलत या दोहोंचा वापर केला होता, त्याचेच हे पुढचे रूप. तरीही पायथ्याच्या वस्त्यांवर वनकायद्याचा भार पडलाच.

छप्पन्नचा दुष्काळ

१८९६-९७ च्या अवर्षणातून मुंबई इलाखा पुरता सावरला नसतानाच १८९९ चा पाऊस गेला. या दुष्काळाचे वैशिष्ट्य म्हणजे तो धान्याइतकाच चाऱ्याचा दुष्काळ होता. धान्य आगगाडीने दूरच्या प्रांतांतून आणता येत होते, कारण तोवर रेल्वेचे जाळे पसरले होते. ताप्ती खोऱ्यातून सुरत ते खानदेश जोडणारा लोहमार्गही याच सुमारास पूर्ण होत होता. चारा मात्र आकाराने मोठा व किमतीने कमी. वजनाच्या मानाने जागा फार अडविणारा हा माल लांबून आणणे परवडत नसे. त्यातही तळोदा तापीच्या उत्तरेस, आणि लोहमार्ग दक्षिणेकडील नंदुरबारवरून जाणारा. हातोड्याचा पूल अगदी अलीकडच्या काळातला. स्टेशनावर गवताच्या गाठी उतरल्या, तरी त्या नदीपलीकडे नेण्यासाठी बैलच हवे होते, आणि बैलांना तर चाराच नव्हता.

शासनाने प्रतिबंधित जंगले चराईसाठी खुली केली आणि जंगलातील गवत कापून तुटीच्या भागांत पाठविण्याचा उद्योगही केला. हा उपाय डोंगराजवळच्या कुटुंबांना उपयोगी पडला हे खरे. तथापि, त्याची एक बाजू क्वचितच लक्षात घेतली जाते. जंगल खुले झाल्यावर ते केवळ शेजारच्या गावांना खुले होत नाही. सपाटीवरील दूरदूरच्या गावांचे कळपही तेथे लोटतात. कडब्यावर पोसलेल्या बैलाला डोंगरातील राठ गवत मानवत नाही. पाणी बदलते, वाघाची भीती असते, आणि अनोळखी रानात जनावर हरवते. आपली जोडी दूरच्या रानात परक्याच्या हाती सोपविण्यास शेतकरी नाखूष असे, याला काही जण अज्ञान म्हणत. ज्या माणसाचे पुढील वर्षीचे पीक त्या जोडीवर अवलंबून होते, त्याच्या दृष्टीने तो शहाणपणाचा विचार होता.

कोणते जनावर आधी सोडायचे, हा निर्णय प्रत्येक घराला करावा लागे. त्याचा क्रम साधारणपणे असा दिसतो : म्हैस सर्वप्रथम जाई, कारण तिला पाणी व हिरवा चारा अधिक लागतो. त्यानंतर भाकड गाय. मग दुभती गाय, आणि तिचे वासरू. बैलजोडी शेवटपर्यंत राखली जाई. घरच्या माणसांनी स्वतःच्या खाण्यात काटकसर करून बैलांना भरडा घातला जाई. शेळ्यांचा हिशेब निराळा होता. त्या काटेरी झुडपांवर जगत, लवकर वाढत आणि केव्हाही विकता येत. त्यामुळे भूमिहीन घराला शेळी हीच ठेव होती. जनावरांचा बाजारभाव मात्र नेमका उलट दिशेने चाले. सर्वजण एकाच वेळी विकावयास निघाल्याने भाव कोसळे, आणि पाऊस पडताच सर्वांना बैल हवे असल्याने तो दुपटी-तिपटीने चढे. चार महिने जनावर जगविणे याचा अर्थ हा फरक वाचविणे असा होता. गोठ्यातील ते श्रम म्हणजे मजुरीच होती, फक्त ती कोणी मोजली नाही.

दुष्काळी कामांची रचना या श्रमांच्या विरुद्ध होती. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या तत्त्वांवर तयार झालेल्या दुष्काळ संहितेनुसार गरजूने कामावर यावे, खडी फोडावी, माती वाहावी आणि मापाप्रमाणे मजुरी घ्यावी, अशी कसोटी होती. मोठ्या कामांवर घरापासून दूर, छावणीत राहावे लागे. ज्याच्या दावणीला दोन जनावरे अर्धमेली बांधलेली आहेत त्याने घर कसे सोडावे? कुटुंब विभागले जाई. धट्टीकट्टी माणसे कामावर, आणि म्हातारी आई व सातआठ वर्षांची मुले गुरांपाशी. आदिवासी कुटुंबे दुष्काळी कामांवर जाण्यास नाखूष असत, असे तत्कालीन अधिकारी वारंवार लिहितात आणि त्याचे कारण बहुधा त्यांच्या स्वभावात शोधतात. मोहाची फुले, कंदमुळे आणि डोंगरातील उरलेसुरले गवत यांच्या आधारे माणूस व जनावर एकत्र जगविण्याचा तो प्रयत्न होता, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. तो प्रयत्न अनेकदा फसला. छावणीपासून दूर राहिल्याने माणसेही गेली, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

पाऊस आला तेव्हाही संकट संपले नाही. महिनोन्‌महिने पाला व काड्या खाऊन जगलेली जनावरे कोवळ्या गवतावर तुटून पडत आणि पोट फुगून वा हगवण लागून मरत. भिजून गारठलेली उठत नसत. पावसाच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीचे कोवळे धाट खाल्ल्याने विषबाधा होई, हेही शेतकऱ्यांना ठाऊक होते. म्हणून पहिल्या सरीनंतरचे आठ-पंधरा दिवस जनावराला बांधून ठेवून थोडे थोडे चारणे आवश्यक असे. समोर हिरवे रान आणि दावणीला हंबरणारी गाय, अशा स्थितीत दोरी न सोडणे हे गुराखी मुलाचे सर्वांत अवघड काम असावे. १८८४ च्या कायद्यान्वये बैल व बियाणे यांसाठी तगाई मिळत असे. ती घेऊन बैल आणला आणि तो बैल मेला, तरी तगाई जिवंत राही. ज्यांच्याकडे एकच बैल उरला ते दुसऱ्याशी सावड करून जोडी जुळवीत. तेही न जमल्यास माणसे जू ओढीत.

मधला काळ

१९१८ मध्ये पुन्हा पाऊस गेला, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने गुरे राखणारी माणसेच अंथरुणाला खिळली. पशुधनाची देशव्यापी गणना १९१९-२० पासून सुरू झाली. म्हणजे किती जनावरे आहेत हे राज्यकर्त्यांना नियमितपणे कळू लागले ते छप्पन्ननंतर वीस वर्षांनी. दरम्यान तळोदे व शहादे तालुक्यांत आणखी एक मूलभूत बदल होत होता. कर्जापायी आदिवासींच्या जमिनी सावकार व सधन शेतकऱ्यांकडे गेल्या आणि अनेक आदिवासी कुटुंबे सालदारीवर आली. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, सुरू होते. तळोद्याची कालिकामातेची यात्रा आणि तिच्यातील बैलबाजारही त्याच सुमारास भरतो. माणसाचा आणि बैलाचा करार एकाच हंगामात व्हावा, ही केवळ शेतीच्या कालचक्राची सोय होती. पण ती पाहून अस्वस्थता वाटल्याशिवाय राहत नाही.

सालदाराच्या कामात मालकाच्या बैलांची निगा येतेच. पहाटे वैरण, मग पाणी, दिवसभर औत, रात्री पुन्हा वैरण. त्यामुळे घरच्या चार शेळ्या आणि एखादी गाय राखण्याचे काम पूर्णपणे बायको-मुलांवर पडले. राखोळीने दुसऱ्याची जनावरे सांभाळणे, किंवा वाट्याने कालवड वाढवून तिच्या वासरात हिस्सा घेणे, या पद्धतींमुळे भूमिहीन कुटुंबालाही पशुधन जोडता येत असे. परंतु दोन्हींसाठी चरण्याजोगी मोकळी जमीन असणे आवश्यक होते.

१९७२-७३ : मजूर आणि जनावर

१९७० पासून महाराष्ट्रात पाऊस अपुरा होत गेला आणि १९७२ मध्ये तो बहुतांश भागात गेला. वसंतराव नाईक यांच्या शासनाने पाझर तलाव, नाला बांधबंदिस्ती, रस्ते अशी कामे मोठ्या प्रमाणावर काढली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या जवळपास पोहोचली. वि. स. पागे यांच्या संकल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा पाया याच अनुभवाने पक्का झाला. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मिलो व सुकडी या शब्दांसह हा दुष्काळ लोकांच्या आठवणीत आहे. छप्पन्नप्रमाणे माणसे मेली नाहीत, ही विसाव्या शतकातील मोठी प्रशासकीय कामगिरी होय आणि अभ्यासकांनी तिची योग्य दखल घेतली आहे.

तळोदा-शहादा भागात हा दुष्काळ आला तो आंदोलनाच्या ऐन मध्यात. पाडळदे येथील अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी संघटित होत होते. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. गेलेल्या जमिनी परत मिळविणे, सालदारांचे वेतन आणि कामाच्या अटी सुधारणे, आणि दुष्काळात कामे काढावयास लावून त्यांची पूर्ण मजुरी घेणे हे तिचे विषय होते. या भागातील सधन शेतकऱ्यांनी उभारलेल्या पीक संरक्षण संस्था व त्यांचे रखवालदार यांच्याविषयी आदिवासींचा रोष होता, आणि त्याचे एक कारण दैनंदिन चराईशी निगडित होते. बांधावरचे गवत कापणारी बाई, धुऱ्यावरून शेळ्या नेणारा मुलगा हे रखवालदाराच्या दृष्टीने संशयित ठरत. दुष्काळात रान उघडे पडते आणि विहिरीच्या पाण्यावरील ऊस व केळी तेवढी हिरवी दिसते. भुकेलेले जनावर कोणत्या दिशेने ओढ घेईल हे सांगण्याची आवश्यकता नाही. ते आवरण्याची जबाबदारी दहा वर्षांच्या मुलावर होती.

छप्पन्नशी तुलना करता १९७२ मध्ये दुष्काळी काम गावाच्या अधिक जवळ आले, हा मोठा फरक होय. आई-वडील दोघेही सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी परत येऊ शकत. स्त्रियांचा या कामांवरील सहभाग मोठा होता, आणि त्यांच्या श्रमाची नोंद हजेरीपटावर झाली. परंतु भारे आणि पाणी यांचे काम त्यामुळे कमी झाले नाही. ते पहाटेवर आणि रात्रीवर ढकलले गेले, व दिवसाचा भाग मुलांकडे गेला. जी मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन झिऱ्यावर बसली, तिच्यामुळे तिच्या आईची मजुरी शक्य झाली. रोजगार हमीचा हिशेब मांडताना हा खर्च सहसा धरला जात नाही.

डोंगराची स्थितीही बदलली होती. अंजनाची झाडे व पवन्याचे उतार पूर्वीइतके राहिले नव्हते. पायथ्याची बरीच पडीक जमीन लागवडीखाली आली होती. १८९९ मध्ये जंगल कायद्याने बंद होते पण त्यात चारा होता. १९७२ मध्ये बंदी शिथिल केली, तरी चारण्यासारखे फारसे उरले नव्हते. पुढे १९९० च्या दशकात सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी तळोद्यातील हजारो हेक्टर वनजमीन देण्यात आली. नर्मदाकाठावरून आलेली कुटुंबे आपली गुरेही घेऊन आली, आणि नव्या वसाहतींत जमिनीच्या तुकड्यापाठोपाठ चराईचा प्रश्न उभा राहिला. जमीन मोजून देता आली; नदीकाठ आणि डोंगर देता आला नाही. ज्यांची गुरे आधीपासून त्या वनात चरत होती, त्यांचे चरणही त्याच वेळी आखडले.

त्यानंतरच्या टंचाईत राज्यात चारा छावण्या व चारा डेपो यांचा वापर वाढला. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये त्यांची चर्चा विशेष झाली. छावणीत जनावराबरोबर घरातील एक माणूस राहतो, हे तेथील नित्याचे दृश्य. तो बहुधा घरातील वृद्ध असतो. गोवंश हत्याबंदीची व्याप्ती २०१५ मध्ये बैलांपर्यंत वाढल्यानंतर काम न करू शकणारे जनावर विकण्याचा मार्गही अरुंद झाला, आणि दुष्काळात ते पोसण्याचा भार पुन्हा घराच्याच खांद्यावर आला. २००६ च्या वनाधिकार कायद्याने चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या वापराचा समावेश सामूहिक हक्कांत केला आहे. १८७८ मध्ये ज्या नाल्याने गुरे जाणे बंद झाले, त्याच नाल्यावर दावा सांगण्यासाठी आता गावसभेला पुरावा द्यावा लागतो. हा पुरावा शोधताना नकाशे व नोंदींपेक्षा वाघदेवाची ठाणी, गुरे बसविण्याच्या जागा, आणि त्या वाटेने लहानपणी गुरे नेलेल्या वृद्धांची साक्ष उपयोगी पडते. कायद्याच्या नियमांनीही वडीलधाऱ्यांच्या कथनाला पुरावा म्हणून मान्यता दिली आहे. १९७२ मध्ये दहा वर्षांचे असलेले गुराखी आज साठी ओलांडून पुढे गेले आहेत.